रॅक, ट्रेलर आणि गाडीचे कान

मागच्या वसंतात आम्ही सायकलींसाठी रॅक घेतला. गाडीच्या मागे बंपरखाली जी चौकोनी पोकळ नळी असते, जिला इथे सगळे हिच म्हणतात, तिच्यात दांडा घालून खिळ मारायची आणि वर दोन सायकली उभ्या करायच्या, असा साधा प्रकार. न्यू जर्सीत डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठाने एक जुनी वाट आहे. एकेकाळी खेचरं त्या वाटेने चालत कालव्यातल्या बोटी ओढायची. खेचरांच्या सोयीची वाट म्हणजे चढ-उतार जवळजवळ नाहीतच. आठ वर्षांच्या मुलीला नवी सायकल शिकवायला याहून चांगली जागा नाही.

शनिवारी सकाळी सायकली चढवल्या, रिव्हर्स टाकला आणि गाडीने एकसुरी टाहो फोडला. बीप-बीप नाही, अखंड पीईईई. "बाबा, गाडी रडतेय," मागून आवाज आला. तरी मी हळूच मागे घ्यायला गेलो, तर ड्राइव्हवेच्या मध्यावर गाडीने स्वतःच करकचून ब्रेक मारला. चहाचा थर्मास खाली, आम्ही पुढे. "आधी ते बंद कर, सगळी गल्ली खिडकीत येईल," बायको म्हणाली. मी स्क्रीनवरच्या तीन मेन्यूंच्या आत शिरून पार्किंगचे सेन्सर आणि रिव्हर्सचा आपोआप लागणारा ब्रेक, दोन्ही बंद केले. शांतता झाली. सहल छान झाली.

तीन आठवड्यांनी, रॅक काढून गॅरेजात टांगलेला असताना, एका दुकानाच्या पार्किंगमध्ये मी पावसात गाडी मागे घेत होतो. कॅमेऱ्याच्या भिंगावर पाण्याचा थेंब. गाडी गप्प, म्हणजे मागे काही नाही, असं मी धरून चाललो. मग कडकन आवाज झाला. कमरेएवढा पिवळा लोखंडी खांब होता आणि बंपरच्या प्लास्टिकला वीतभर तडा गेला होता. उतरून पहिला विचार आला तो "अरे, हा ओरडला कसा नाही?" आणि मग आठवलं.

खांबाचं काही बिघडलं नाही. पण त्याच तीन आठवड्यांत मी रोज सकाळी त्याच बहिऱ्या गाडीने त्याच ड्राइव्हवेवरून मागे येत होतो, जिथे शेजारची चार वर्षांची मुलगी तिची स्कूटर घेऊन फिरत असते. त्या रात्री झोप लागेना. मग उठून गाडीचं मॅन्युअल वाचलं आणि पुढचे काही दिवस हे सेन्सर नक्की काय ऐकतात ते शोधत बसलो. हा लेख त्यातून झाला.

बंपरवर रुपयाच्या नाण्याएवढ्या ज्या चकत्या दिसतात, मागे बहुतेक चार, ते गाडीचे कान. खरं तर कान आणि तोंड एकच. आत एक दाबविद्युत स्फटिकाची चकती पातळ धातूच्या पडद्याला चिकटवलेली असते. तिला विजेचे झटके दिले की पडदा सेकंदाला ४०,००० ते ५०,००० वेळा थरथरतो. माणसाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, म्हणून हा आवाज आपल्याला कळत नाही. असा छोटासा आवाज हवेत सोडायचा, मग गप्प बसून प्रतिध्वनीची वाट बघायची. वटवाघूळ हेच करतं. प्रतिध्वनी पडद्याला थरथरवतो, स्फटिकात उलटी वीज तयार होते, आणि गाडीतला संगणक मधला वेळ मोजतो.

हिशेब शाळेतला आहे. २० अंश सेल्सिअसला हवेतला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. एक मीटरवरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायला दोन मीटर, म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंद. ३० सेंटिमीटरला १.७५ मिलिसेकंद. बहुतेक गाड्या याच अंतराच्या आसपास बीप-बीप सोडून अखंड सूर लावतात. थंडीत आवाज सावकाश जातो. उणे १० अंशाला सुमारे ३२५ मीटर, कडक उन्हाळ्यात ३५ अंशाला ३५२. मीटरभर अंतरात आठ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून बऱ्याच गाड्या बाहेरचं तापमान पाहून हिशेब सुधारून घेतात. चकतीवर बर्फाचा थर बसला तर मात्र कुठलाही हिशेब चालत नाही. तो हाताने पुसायचा.

आता गंमत पहा. देवळातली घंटा एकदा वाजवली की काही क्षण घुमत राहते. त्या घुमण्यात कोणी कानाशी कुजबुजलं तर ऐकू येईल का? सेन्सरचा पडदाही आवाज सोडल्यावर लगेच थांबत नाही, मिलिसेकंदभर घुमतो. तेवढ्यात आलेला प्रतिध्वनी त्याच्या स्वतःच्याच आवाजात बुडतो. एका मिलिसेकंदात आवाज जाऊन-येऊन १७ सेंटिमीटरवरची वस्तू गाठतो. म्हणजे त्याहून जवळ जे असेल त्याचं अंतर सेन्सरला नीट सांगता येत नाही. त्यामुळे नुसता टो-बॉल बंपरला चिकटून असला, तर काही गाड्यांना तो दिसतच नाही आणि काही गाड्या सतत पिरपिर करतात. एकाच रस्त्यावरच्या दोन शेजाऱ्यांचे अनुभव वेगळे असतात ते अशा काही सेंटिमीटरच्या फरकामुळे.

रॅकचं तसं नाही. तो या आंधळ्या पट्ट्याच्या पलीकडे, अगदी ऐन ऐकू येण्याच्या जागी उभा असतो. मी मेजरिंग टेप घेऊन मोजलं. रॅकची उभी नळी बंपरपासून २७ सेंटिमीटरवर. लोखंडी, गोल, दोन बोटं जाड. ४८ किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी जेमतेम सात मिलिमीटर असते. वस्तू तरंगलांबीपेक्षा बरीच मोठी असेल तर ती आवाज चांगला परतवते. म्हणून रॅकची नळी, सायकलची चौकट, पेडल, टायर हे सगळे खणखणीत उत्तर देतात. दोन मिलिमीटरचा स्पोक मात्र जवळजवळ काहीच बोलत नाही. शिवाय गोल वस्तूची एक खोड असते. सपाट फळी तिरकी ठेवली तर आवाज भलतीकडेच उडवून लावते, पण गोल नळी कोणत्याही बाजूने पाहिली तरी थोडा आवाज आल्या वाटेने परत पाठवतेच. सेन्सरच्या दृष्टीने सायकलींचा रॅक म्हणजे बंपरमागे बांधलेली भिंतच.

आणि सेन्सर पहिल्या प्रतिध्वनीवर विश्वास ठेवतो. ही सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. त्याचं काम "सगळ्यात जवळ काय आहे" एवढंच सांगण्याचं आहे, त्यामुळे २७ सेंटिमीटरवर नळी सापडली की तो तिच्यापलीकडचं बोलतच नाही. मागून कोणी आलं, गेलं, उभं राहिलं, सूर तोच. ज्या सूरात कधी बदल होत नाही, त्यातून काही कळतही नाही. मला वाटायचं, ओरडू दे, निदान सेन्सर चालू तरी आहे. तसं नाही. रॅक लावलेला असताना मधले दोन सेन्सर चालू काय आणि बंद काय, माहिती सारखीच, म्हणजे शून्य. ज्या गाड्या स्क्रीनवर चारही सेन्सरचे पट्टे वेगवेगळे दाखवतात, त्यांत कडेच्या दोन पट्ट्यांचा थोडाफार उपयोग राहतो, रॅक अरुंद असेल तर. पण चारही सेन्सर एकमेकांचे प्रतिध्वनीही ऐकतात, एकाने बोलायचं आणि शेजाऱ्यानेही ऐकायचं, त्यातूनच वस्तू डावीकडे आहे की उजवीकडे ते कळतं. त्यामुळे मधली नळी कडेच्या कानांनाही त्रास देऊ शकते.

बरं, समजा गाडी फार हुशार आहे आणि तिने रॅककडे दुर्लक्ष करायचं ठरवलं. बाहेरून बसवायच्या काही सेन्सर संचांत अशी सोय असतेही. टो-बॉल किंवा मागचं स्टेपनी चाक एकदा दाखवून द्यायचं, की तो ठराविक प्रतिध्वनी ते पुढे वगळतात. तरी काम भागत नाही, कारण मोजमाप बंपरपासूनचं आहे. सायकली चढवल्यावर माझ्या रॅकचं शेवटचं टोक, म्हणजे बाहेरच्या सायकलीचं पेडल, बंपरपासून ९७ सेंटिमीटरवर येतं. भिंत १२० सेंटिमीटरवर असेल तर गाडी निवांत, सावकाश बीप करेल. पेडल आणि भिंत यांत राहिले २३ सेंटिमीटर! सेन्सर ऐकतो ते रॅकचं सगळ्यात जवळचं टोक, आणि आदळतं ते सगळ्यात लांबचं. मधल्या ७० सेंटिमीटरची गाडीला खबरच नाही. रिकामा रॅक उभा दुमडून ठेवला तरी माझ्याकडे तो ४१ सेंटिमीटर मागे येतो. गॅरेजचं दार बंद करताना ज्याने ज्याने रॅकवर दार आपटलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

आपोआप ब्रेकचं कोडंही इथेच सुटतं. माणूस "हा रॅकच आहे" हे जाणून सूराकडे काणाडोळा करतो, पण ब्रेकचा संगणक तो सूर खरा मानतो. गाडी मागे सरकते आहे आणि २७ सेंटिमीटरवर काहीतरी आहे, मग तो ब्रेक मारणारच. अनेक गाड्यांत याच कामासाठी बंपरच्या कोपऱ्यांत रडारही असतं. रडारचे तरंग आवाजाचे नव्हेत, रेडिओचे, २४ किंवा ७७ गिगाहर्ट्झचे. ते प्लास्टिकच्या बंपरमधून आरपार जातात, पण धातूवर लख्ख परततात. म्हणून रुंद रॅक किंवा त्यावरची सायकल कडेला आली की आडव्या येणाऱ्या गाड्यांचा इशारा आणि बाजूच्या आरशातला पिवळा दिवा हेही उगाच लागू शकतात. कॅमेऱ्यापुढे तर चाक दिसतं, दुसरं काही नाही. एका रॅकने तिन्ही इंद्रियं गेली.

मग ट्रेलर लावला की गाडी गप्प बसते, ती कशी? मॅन्युअलमध्ये याचं उत्तर मिळालं, आणि मला ते या सगळ्यातलं सर्वांत रंजक वाटलं. गाडी ट्रेलर पाहत नाही, ऐकत नाही. तिला तो विजेच्या तारेतून कळतो. कंपनीकडून ओढण्याच्या सोयीसह आलेल्या गाडीला मागे सात पिनांचं सॉकेट असतं. ट्रेलरचा प्लग त्यात गेला की गाडी त्या पिनांवर बारीक विद्युतप्रवाह सोडून पाहते, पलीकडे दिव्यांचा भार आहे का. भार सापडला की ट्रेलर आहे असं धरते, मागचे सेन्सर आणि रिव्हर्सचा ब्रेक आपणहून बंद करते, आणि प्लग काढला की परत चालू. आपण विसरायचा प्रश्नच नाही.

यात दोन खाचा आहेत. एक, ट्रेलरला नवे एलईडी दिवे असतील तर ते इतका कमी प्रवाह घेतात की काही गाड्यांना पलीकडे काही आहे हेच पटत नाही, आणि मग अखंड सूर. दुसरी, आपल्या मंडळींना जास्त भेटणारी. घर बदलताना आपण भाड्याचा छोटा ट्रेलर आणतो, त्याचा प्लग बहुधा चार पिनांचा चपटा असतो. जमीन, मागचे दिवे, डावा, उजवा, बस. गाडीला ही वायरिंग बाहेरच्या गॅरेजमधून बसवून घेतलेली असेल तर ती मागच्या दिव्यांच्या तारांवरून नुसती नक्कल उचलते. गाडीच्या संगणकाला तिचा पत्ताच नसतो. त्या गाडीला ट्रेलर आणि भिंत यांत फरक कळत नाही.

आणि रॅकला प्लगच नसतो. अमेरिकेत तरी क्वचितच. माझी बहीण इंग्लंडमध्ये असते, तिच्याकडे गेलो तेव्हा हा फरक डोळ्यांनी पाहिला. तिथे सायकलींचा रॅक टो-बॉलवर बसतो आणि त्याच्या मागच्या पट्टीवर पूर्ण दिवे आणि नंबर प्लेटची जागा असते, कारण सायकलींनी गाडीचे दिवे आणि पाटी झाकलेली कायद्याला चालत नाही. दिवे आले म्हणजे प्लग आला, बहुतेक १३ पिनांचा. प्लग आला म्हणजे गाडीला कळलं. तिचा रॅक लावताच गाडी मुकाट्याने सेन्सर बंद करते, काढताच चालू. दिव्यांसाठी केलेल्या नियमाचा फायदा असा आडवाटेने सेन्सरला झाला. मॅन्युअलमध्ये मी जे वाचत बसलो होतो ते तिच्या भाच्याला पाठ होतं, "मामा, प्लग लावला की ती गप्प बसते."

गाडीच्या मागे काय असावं याबाबत देशोदेशीचे कायदेही वेगवेगळ्या इंद्रियांवर भर देतात. अमेरिकेने डोळा निवडला. २००२ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर दोन वर्षांचा कॅमरन गुलब्रॅन्सन घराच्या ड्राइव्हवेवर मागे येणाऱ्या गाडीखाली सापडला. गाडी त्याचे वडीलच चालवत होते. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २००८ साली झाला, आणि १ मे २०१८ पासून इथल्या प्रत्येक नव्या मोटारीत मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. गाडीमागचा दहा फूट रुंद, वीस फूट लांब पट्टा त्यात दिसला पाहिजे. सेन्सर मात्र सक्तीचे नाहीत. भारताने उलट कान निवडला. १ जुलै २०१९ पासून तिथल्या नव्या प्रवासी गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, कॅमेरा असो वा नसो. पुण्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये आता रात्री साडेदहालाही जी बीपबीप चालते ती त्यामुळे. युरोपात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना रिव्हर्सची काहीतरी सूचना लागतेच, मग ती कॅमेऱ्याने द्या किंवा सेन्सरने.

रॅकवर सायकल चढवली की डोळा आणि कान दोन्ही झाकले जातात, हे मात्र सगळीकडे सारखं. तेवढ्या वेळापुरते आपण तीस वर्षांपूर्वीच्या गाडीत बसलेले असतो, फक्त सवयी आजच्या असतात. तीस वर्षांपूर्वी मान वळवून बघायचो. आता कान देऊन बसतो, आणि गाडीचं गप्प बसणं म्हणजे "ये, रस्ता मोकळा आहे" असं समजतो. त्या गप्प बसण्याला दोन अर्थ आहेत. "मागे काही नाही" हा एक. "मी ऐकतच नाहीये" हा दुसरा. दोन्ही ऐकायला अगदी सारखे.

म्हणून काही गोष्टी मी बदलल्या. तुमच्या गाडीत काय होतं ते आधी पहा. रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन सेन्सर बंद करा, इंजिन बंद करून परत सुरू करा, रिव्हर्स टाका. काही गाड्यांत सेन्सर आपणहून परत चालू होतात. काही गाड्यांत, माझ्यासारख्या, तुम्ही हाताने चालू करेपर्यंत बंदच राहतात. शिवाय सेन्सर आणि आपोआप ब्रेक यांचे खटके वेगळे असू शकतात. एकाच गाडीत एक परत येतो आणि दुसरा येत नाही, असंही मी पाहिलं आहे. मेन्यूमध्ये ट्रेलरची किंवा सायकल-रॅकची वेगळी सोय असेल तर सरसकट बंद करण्याऐवजी तीच वापरा.

रॅक तीन अवस्थांत मोजा. काढलेला, दुमडलेला, आणि सायकलींसह. ते आकडे मी काचेखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवले आहेत, ० / ४१ / ९७. इथे गॅरेजात छताला टेनिसचा चेंडू दोरीने टांगायची पद्धत आहे, पुढची काच चेंडूला टेकली की थांबायचं. रॅकसाठी मी दुसरा चेंडू टांगला आहे, एक फूट पुढे. मुलीने त्यावर सायकल काढली आहे.

सायकली चढवलेल्या असताना रिव्हर्स टाकण्याआधी गाडीला एक प्रदक्षिणा. यात देवाधर्माचं काही नाही, मागे काय आहे ते पाहायचं आणि लगेच येऊन बसायचं, मध्ये फोन नाही. गाडीत दुसरं मोठं माणूस असेल तर त्याने बाहेर उभं राहून हात करायचा. आणि उभं राहायचं ते मागे नाही, कडेला, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असं. शक्य असेल तिथे गाडी मागे घेऊनच लावायची, म्हणजे सायकली चढवल्यावर सरळ पुढे निघता येतं. हा एक उपाय मला आधी सुचायला हवा होता.

आणि सहलीवरून आलं की रॅक काढायचा. मला माहीत आहे, खिळ गंजते, दांडा अडकतो, पंचवीस किलोचं धूड उचलायला पाठ तयार नसते. तरी. महिनोन्‌महिने रिकामा रॅक लावून फिरणारे आपल्यात खूप आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या गाड्यांचे सेन्सर केव्हाचेच बंद असणार.

राहिला प्रश्न विसरण्याचा. आजी काही लक्षात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारायची. मला पदर नाही, म्हणून गिअरच्या दांड्यावर एक लाल रबरबँड आहे. सेन्सर बंद केला की तो दांड्यावर चढतो, चालू केला की आरशाला अडकतो. परवा बायकोने गाडी नेली होती. संध्याकाळी फोन आला, "रबरबँड दांड्यावर आहे, आपण कालच सायकली उतरवल्या ना?" मेन्यूत जाऊन बघ म्हटलं. सेन्सर बंदच होते.